सोडलेला डाव पुन्हा मांडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव संपला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात पहिल्या पानावर अठरा वर्षांचा डी. गुकेश होता. ती बातमी मी दोनदा वाचली. मनापासून आनंद झाला. पण समोरच्या खुर्चीतल्या माणसाबद्दल त्या बातमीत दीडच ओळ होती, आणि माझं लक्ष त्या दीड ओळीवर अडकून राहिलं. हे पत्र त्याबद्दल आणि त्यानंतर माझ्या घरात जे घडलं त्याबद्दल आहे. ते थोडं लांबेल. काटछाट करायची वेळ आली तर शेवटची मागणी तेवढी राहू द्यावी.

डाव बरोबरीकडे चालला होता. ५५व्या चालीला त्या समोरच्या माणसाने, चीनच्या डिंग लिरेनने, आपला हत्ती एफ-२ वर आणला. गुकेशने आधी हत्तींची मारामारी केली, मग उंटांची, आणि पटावर राहिलेली प्याद्यांची लढाई काळ्याच्या, म्हणजे गुकेशच्या, बाजूने संपलेलीच होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये अस्तानात विश्वविजेता झाल्यानंतर डिंग फार कमी खेळला. आपण नैराश्यातून जात आहोत हे त्याने उघडपणे सांगितलं होतं. तरीही तो सिंगापूरला आला, पहिलाच डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि शेवटच्या डावापर्यंत लढत बरोबरीत ठेवली. मग हत्तीची एक चाल चुकली.

मीही हत्तीच्या एका चालीवर बुद्धिबळ सोडलं होतं.

माझं वय ४१. नवव्या वर्षी बाबांनी मोहरी कशी चालतात ते शिकवलं. अकराव्या वर्षापासून स्पर्धा खेळायला लागले आणि २०११ पर्यंत खेळत राहिले. त्या वर्षीच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत माझ्याकडे काळी मोहरी होती. साडेचार तास झाले होते. पटावर त्याचा राजा, हत्ती आणि एक प्यादं. माझा राजा आणि हत्ती. हा शेवट बरोबरीचा आहे हे मला पाठ होतं. एंडगेम शिकणारा प्रत्येक जण फिलिडोरचा बचाव शिकतो : आपला राजा प्याद्याच्या वाटेत, आपला हत्ती सहाव्या रांगेवर, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येताच येत नाही. प्यादं सहाव्या रांगेवर सरकलं की मगच हत्ती थेट खाली न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. मी हे कितीतरी मुलींना शिकवलेलं होतं. त्या दिवशी घड्याळात दर चालीला मिळणाऱ्या तीस सेकंदांवर मी तगून होते. प्यादं हललेलं नसताना मी हत्ती खाली नेला. समोरचा राजा पुढे आला. तरीही डाव वाचला असता. नंतर एक चाल होती, ती मला दिसली नाही.

मी बुद्धिबळ सोडायचं असं कधी ठरवलं नाही. पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरला नाही, एवढंच. मग त्याच्या पुढच्या स्पर्धेचाही नाही. कोणी विचारलं तर वेळ नाही म्हणायचे. नोकरी होती, घर होतं, त्यामुळे कोणाला ते खोटं वाटायचं नाही, आणि काही वर्षांनी मलाही खरं वाटायला लागलं. पण खरं कारण वेळ नव्हतंच. पट मांडला की ती जागा डोळ्यांसमोर यायची आणि हात मागे यायचा. ज्यांनी काही वर्षं मन लावून खेळून सोडलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. खेळाचा कंटाळा आलेला नसतो. आपण पूर्वी जितके चांगले खेळायचो, त्या आपल्याशी पुन्हा गाठ पडू नये असं वाटत असतं.

परत यायचा पहिला प्रयत्न २०२० मध्ये केला. सगळे घरात अडकले होते आणि एकाएकी जो तो बुद्धिबळाबद्दल बोलत होता. मीही फोनवर अ‍ॅप घेतलं आणि तीन-तीन मिनिटांचे डाव खेळायला लागले. एका रात्री चाळीस डाव झाले. हरले की लगेच पुढचा, म्हणजे आधीच्या पराभवाकडे बघायला नको. जिंकले तरी लगेच पुढचा. सकाळी त्यातली एकही जागा आठवायची नाही, फक्त घसरलेला आकडा लक्षात असायचा. दोन आठवड्यांत अ‍ॅप काढून टाकलं. जलद डावांना मी नावं ठेवत नाही, ज्यांचा सराव चालू आहे त्यांना त्यात मजा येते. पण खंड पडलेल्या माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत झालं आहे. तीन मिनिटांत विचार करायची सवय परत येत नाही. उरलीसुरली सवय तेवढी खर्ची पडते.

दुसरा प्रयत्न ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चालींच्या, पाठांतराचा. सिसिलियनमधल्या नायडॉर्फच्या चाली एके काळी मला अठराव्या-विसाव्या चालीपर्यंत यायच्या. व्हिडिओ लावून बसले, वह्या भरल्या. महिनाभरात तेही थांबलं. कोणाशी खेळायचं हेच माहीत नसेल तर पाठ करायला जोर येणार कुठून?

त्या डिसेंबरच्या रात्री मात्र मी माळ्यावरून जुन्या डावांची वही काढली. २०११ चा तो कागद वहीतच होता, त्यावर मी पेन्सिलने वरून खालपर्यंत तिरकी रेघ मारून ठेवली होती. पट मांडला आणि पहिल्या चालीपासून डाव खेळत गेले. संगणकाला विचारलं नाही. तीन संध्याकाळी लागल्या. आणि जे चौदा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं ते दिसलं : हा डाव मी चांगला खेळले होते. पंधराव्या चालीच्या आसपास माझी बाजू अडचणीत होती. तिथून घोडा मागे घेऊन पुन्हा मध्यात आणायला मी पाच चाली दिल्या होत्या, आणि त्या बरोबर होत्या. एक प्यादं कमी असताना वजिरांची मारामारी करून मी बरोबर त्याच शेवटाकडे डाव नेला होता जो मला पाठ होता. सत्तावन्न चाली माझ्या होत्या. मी मात्र अठ्ठावन्नावी आणि साठावी, एवढ्या दोनच चाली चौदा वर्षं जवळ बाळगल्या होत्या.

अशा वेळी नेमकं काय उरतं आणि काय जातं, याचं मला कुतूहल वाटलं. आड्रियान डी ग्रूट हे डच मानसशास्त्रज्ञ स्वतः चांगले खेळाडू होते. निष्णात खेळाडूला एखाद्या डावातली जागा काही सेकंद दाखवली तरी तो ती जवळपास जशीच्या तशी मांडू शकतो, असं त्यांनी दाखवलं. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून पाहिली, तेव्हा निष्णात आणि नवखा यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे खेळाडूच्या मनात सुटी मोहरी नसतात, ओळखीच्या रचना असतात. माझ्याबाबतीत त्या रचना शाबूत होत्या. घोड्याचा दुहेरी मारा, शेवटच्या रांगेवरची मात, बांधलेलं मोहरं हे सगळं पूर्वीसारखंच नजरेत भरत होतं. गेलं होतं ते दुसरंच. तिसऱ्या-चौथ्या चालीपुढचं मनात बघायला गेलं की एखादं प्यादं जागेवरून नाहीसं व्हायचं. आणि दीड तासानंतर बसवत नव्हतं. या दोन्ही सरावाने परत येणाऱ्या गोष्टी आहेत. एवढं कळलं तरी जीव बराच हलका झाला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते. माझ्या कार्यालयात निवृत्तीला आलेले एक सहकारी आहेत. त्यांनीही पंचवीस वर्षांपूर्वी खेळ सोडला होता, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. एकदा बोलता बोलता विषय निघाला आणि दुसऱ्या दिवशी ते पट घेऊन आले. जेवणाच्या सुट्टीत डाव पूर्ण होणार नव्हता, म्हणून आम्ही जुनी रीत धरली. पूर्वी मोठ्या स्पर्धांतही डाव तहकूब व्हायचे. ज्याची पाळी असेल तो आपली चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचांकडे द्यायचा आणि खेळ दुसऱ्या दिवशी पुढे चालू व्हायचा. संगणक आले आणि ती प्रथा संपली. आम्ही ती आमच्यापुरती सुरू केली. सुट्टी संपली की चाल लिहून, घडी घालून कागद मोहऱ्यांच्या डब्यात ठेवायचा. जागा दोघांनीही टिपून घ्यायची. संगणकावर मांडायची नाही, असा शब्द दिलेला.

पहिला डाव सात दिवस चालला. त्या सात दिवसांत मला काय मिळालं ते सांगणं अवघड आहे, तरी सांगते. बसमध्ये उभी असताना ती जागा डोक्यात असायची. भांडी घासताना असायची. रात्री दिवा मालवल्यावर अचानक दिसायचं की त्यांचा उंट हलला तर माझ्या हत्तीला सी स्तंभ मोकळा मिळतो, आणि उठून पट मांडावासा वाटायचा. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी मी अशीच असायचे. ‘पुन्हा ओढ वाटायला हवी’ असं म्हणत मी इतकी वर्षं जिची वाट पाहत होते ती हीच होती, आणि ती वाट पाहून आली नाही. एक ठरावीक जागा डोक्यात होती आणि माझ्या चालीसाठी एक ठरावीक माणूस थांबलेला होता, म्हणून ती आली.

तो डाव मी हरले. त्यानंतर आम्ही दोघांनी तो पहिल्यापासून मांडला. ते म्हणाले, “ताई, इथे तुम्ही प्यादं पुढे ढकललं असतं तर मी डाव सोडून देणार होतो.” मला ती चाल दिसलीसुद्धा नव्हती. मी जिला घाबरून बचाव करत बसले होते ती चाल त्यांच्याही मनात नव्हती. डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो असा उलगडायचा, हा या खेळातला फार मोठा ठेवा आहे. फोनवरचा प्रतिस्पर्धी डाव संपताच नाहीसा होतो, तिथे हे मिळत नाही. आता आमचे नऊ डाव झाले आहेत. निकाल किती-किती ते आम्ही मोजतो, पण उलगडा व्हायचा असेल त्या दिवशी दोघेही डबा लवकर संपवतो.

मग मी एका स्पर्धेत नाव घातलं. नाव देताना पहिला धक्का बसला. मी सोडलं तेव्हा माझं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, १६४० होतं. यादीत १७८४ दिसलं. चूक असेल असं वाटून चौकशी केली, तर ती चूक नव्हती. १ मार्च २०२४ पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने २००० च्या खालच्या खेळाडूंचं रेटिंग एकदाच वाढवून दिलं : २००० आणि आपलं रेटिंग यांत जितकं अंतर, त्याच्या ४० टक्के. माझं अंतर ३६०, म्हणून १४४ गुण मिळाले. न खेळता मिळालेले हे गुण मला ओझ्यासारखे वाटले. आधीच जुन्या स्वतःची भीती होती, आता तिच्याहूनही वरच्या कुणाची तरी जागा भरून काढायची होती.

नऊ फेऱ्यांत साडेतीन गुण झाले आणि ४२ गुण गेले. दोनदा लहान मुलांकडून हरले. त्यांचं रेटिंग माझ्याहून दोनशेने कमी होतं. दोनशेचा फरक असला की वरच्या खेळाडूने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत असं ते गणित सांगतं, त्यामुळे बघणाऱ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. वाढत्या मुलांचा आकडा त्यांच्या खेळाच्या मागे धावत असतो. म्हणून तर त्यांच्यासाठी रेटिंग बदलण्याचा वेगही दुप्पट ठेवलेला आहे. तिसऱ्या फेरीत त्यातल्या एका मुलाने डाव संपल्यावर आपणहून विचारलं, “दाखवू का, तुमचं काय चुकलं ते?” आणि त्याने दाखवलं ते बरोबर होतं. सहाव्या फेरीत मी पाच तास बसले, शेवटपर्यंत डोकं जाग्यावर होतं, आणि एक प्यादं कमी असताना हत्तींचा शेवट बरोबरीत सोडवला. घरी जाऊन पहिल्यांदा तो डाव वहीत उतरवला. ४२ गुणांचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, पण दोन दिवसांत ते संपलं.

मोठ्या खेळाडूंचे दाखले दिले की लोक म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. वेगळी आहेच. पण कोणेरू हंपी २०१६ पासून दोन वर्षं स्पर्धांपासून दूर होती, २०१७ मध्ये तिला मुलगी झाली, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये मॉस्कोत ती जलद बुद्धिबळाची विश्वविजेती झाली. पाच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा झाली. गाटा काम्स्की १९९६ मध्ये कार्पोवकडून हरल्यावर खेळ सोडून शिकायला गेला, कायद्याची पदवी घेतली आणि परत येऊन २००७ चा विश्वचषक जिंकला. इमॅन्युएल लास्करची हकीकत तर मला सर्वांत जवळची वाटते. सत्तावीस वर्षं विश्वविजेता राहिलेला हा माणूस १९२५ नंतर जवळजवळ नऊ वर्षं मोठ्या स्पर्धा खेळला नाही. नाझी सत्तेत आले, जर्मनी सोडावी लागली, मालमत्ता गेली आणि पोटासाठी तो पुन्हा पटासमोर बसला. १९३५ मध्ये मॉस्कोत, वयाच्या ६६ व्या वर्षी, एकोणीस डावांत एकही न हरता तो तिसरा आला. बोटविनिक आणि फ्लोर त्याच्यापुढे अर्ध्याच गुणाने होते आणि कापाब्लांका त्याच्या मागे. लास्कर हुरूप आला म्हणून परतला नव्हता, परतावं लागलं म्हणून परतला होता. तरी हे असे डाव झाले.

आता मागणी. आपल्या अंकात पूर्वी रविवारी एक छोटा चौकोन असायचा : पटाचं चित्र, खाली एक ओळ, ‘पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात’, आणि उत्तर पुढच्या रविवारी. बाबा तो कापून खिशात ठेवायचे आणि आठवडाभर मला विचारायचे, सुटलं का? तो चौकोन कधी बंद झाला ते आठवत नाही. आज क्रीडापानावर बुद्धिबळाच्या बातम्या पूर्वीपेक्षा पुष्कळ येतात, मुलांच्या यशाचे फोटो येतात, ते येत राहावेत. पण त्या बातमीत डाव नसतो. कोण जिंकलं ते कळतं, कोणत्या चालीने ते कळत नाही. ज्यांनी खेळ सोडला आहे अशा आमच्यासारख्यांना ती बातमी दुरून बघावी लागते. तो चौकोन असला तर आठवडाभर बाळगायला एक जागा मिळते. शक्य असेल तर महिन्यातून एकदा एखाद्या साध्या, नोकरी करणाऱ्या, वय झालेल्या खेळाडूचा डावही चालींसह छापावा. हरलेला असला तरी चालेल.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही आपल्या पत्रातून एक विनंती करते. पुष्कळ वर्षांनी परतणाऱ्या प्रौढांसाठी आठवड्याला एकच, सावकाश डाव असलेला गट ठेवा. बक्षीस नसलं तरी आम्ही येऊ. फक्त डाव संपल्यावर दोघांना बसून तो उलगडता येईल अशी एक जागा आणि एक जादा पट असावा. आता होतं असं की पुढची फेरी लावायची म्हणून मोहरी पटापट गोळा करतात आणि आम्हाला जिन्यात उभं राहून तोंडी डाव खेळावा लागतो.

चौकोन पुन्हा सुरू करायचं ठरलं तर पहिली जागा मी पाठवते आहे. माझ्या वहीतलीच आहे, त्या रेघ मारलेल्या कागदावरची, साठाव्या चालीची. ती रेघ आता खोडरबराने पुसून टाकली आहे.

पांढरा : राजा ई-६, हत्ती ए-७, प्यादं ई-५.
काळा : राजा ई-८, हत्ती ई-१.
काळ्याची चाल. पुढच्या चालीला मात होणार आहे. काळ्याने बरोबरी साधायची आहे.

उत्तर कृपया त्याच दिवशी छापू नये.

आपली नम्र,
एक जुनी वाचक